बत्तीसचा फरक

९ मे, सोमवार
सहावा दिवस, वर्कशॉपात टेबलावरच्या बोर्डाचा पोर्ट मुकाच. बोर्ड एक, त्यावर सिस्टिम दोन: एक पाण्याच्या टाकीची पातळी वाचणार, दुसरी पडद्यावर दाखवणार. कुणाला काय मिळायचं ते मधला हायपरवायझर नावाचा प्रोग्राम ठरवतो. पातळी-मीटरची वायर येते तो सीरियल पोर्ट पहिल्या सिस्टिमला नेमून दिलाय. ती मीटरला विचारते, उत्तर काही येत नाही.
ज्या टाकीसाठी हे चाललंय, ती गेल्या महिन्यात भरून वाहिली. नळाला आठ दिवसांनी पाणी, अन् इथं रस्त्यावर ओढा. टाकीचे वॉल उघडबंद करणारे वॉलमन कडूबामामा, त्यांना नोटीस मिळाली. वॉल मी बंदच केला होता, एवढंच ते सांगतात. पुरावा नाही.

१० मे
आमचे वायरमन रफीकभाई. दुपारी त्यांनी बोर्डाच्या पिनेवरच तपासयंत्र लावलं.
म्हणाले, "मॅडम, मीटर जवाब देतंय. तुमच्या डब्यातच कुणी ऐकत नाय."
राग आला. पण बरोबर बोलले.

११ मे
सापडलं!
पोर्टात अक्षर आलं की प्रोसेसरला इशारा जातो, इंटरप्ट. त्याचा नंबर बोर्डाच्या यादीत ३९. मी तोच लिहिला होता. पण हायपरवायझर मोजतो अगदी पहिल्यापासून, अन् पहिले बत्तीस प्रोसेसरचे स्वतःचे. म्हणजे ३९ अधिक ३२, ७१. इशारा येत होता, माझी सिस्टिम भलत्याच नंबरवर कान लावून बसलेली.
एक ओळ बदलली. पडद्यावर मीटरचा चाचणीचा आकडा: २.४१ मीटर.
खुर्चीतून उठलेच. रफीकभाईंनी वायर काढली, आकडा गेला. लावली, आला. तीनदा. मग म्हणाले, आता चहा.

१३ मे, शुक्रवार
डबा टाकीवर बसवला. मामा बांबू घेऊन वर चढले, मापून आले. आमचा आकडा अन् त्यांचा बांबू, बोटभरही फरक नाही. लई भारी वाटलं.
मग त्यांनी माझ्यासमोर भरायचा वॉल पूर्ण बंद केला. खाली जाणारा आधीच बंद. तरी आकडा चढतोय. एक सेंटिमीटर... दोन... तासाभरात सात.
मामा पडद्याकडं बघत राहिले. "आता दिसलं का, ताई? महिनाभर हेच सांगत होतो मी."
मी चढत्या आकड्यांचा आलेख छापून घेतला. रफीकभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

१६ मे, सोमवार
वॉल उघडला. झडप जिथं टेकते ती आतली बैठक झिजलेली, बंद करूनही पाणी आत येतच होतं. पाणीपुरवठ्याच्या इंजिनियर साहेबांनी स्वतः बोट फिरवून बघितलं. नवीन बसणार. आणखी टाक्यांवर आमचे डबे लावायचे म्हणाले. वर्कशॉपात पेढे!
नोटिशीचं विचारलं. म्हणाले, ती फाईल वर गेलीय.
परवा मामांची सुनावणी. मामांनी आलेखाची प्रत मागून घेतली, घडी घालून खिशात ठेवली. "तुम्ही या. मला हे समजावून सांगता यायचं नाय."
जाणार. आत बसू देतील का, कुणाला ठाऊक.