बाटलीत मावणारा हायड्रोजन

बाबा, आज तुमच्याशी हायड्रोजनबद्दल बोलायचं आहे. दुसरं काही बोलायला घेतलं की मला जमत नाही.

ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. वालीवला कारखान्यांच्या नव्या शेड उभ्या राहत होत्या, आणि राजोडीची आपली वाडी काकांवर सोपवून तुम्ही ट्रक चालवायला लागला होतात. ठाण्याहून हायड्रोजनचे सिलिंडर भरायचे आणि वालीवच्या एका कारखान्यात उतरवायचे. तिथे पोलादाच्या पट्ट्या या वायूत तापवत, म्हणजे त्या काळ्या पडत नसत. सिलिंडर माणसाएवढे उंच, आत वायू ठासून भरलेला. तुमच्या सीटमागे कायम एक केरसुणी असायची. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "या वायूची आग उन्हात दिसत नाय, बाय. केरसुनी पुढं धरून चालायचं. काडी पेटली की समजायचं, इथं हाय." तुम्ही शेवग्याच्या शेंगा मोडत होतात. आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. भाकरी थापणारे तिचे हात थांबले होते.

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. एके दिवशी सरांनी वर्गात सांगितलं की हायड्रोजन असा दाबून भरायलाच हवा असं नाही. टोल्युइन नावाचा एक द्रव असतो, थिनरसारखा वास येणारा. त्याला हायड्रोजन जोडला की दुसराच द्रव तयार होतो. तो डब्यातून रॉकेलसारखा न्यायचा, पोचल्यावर तापलेल्या प्लॅटिनमवरून सोडून वायू मोकळा करायचा, आणि उरलेलं टोल्युइन परत आणून पुन्हा वापरायचं. घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी तुम्हाला हे सांगितलं. "सांडलं तर?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "पेटेल, पण पेट्रोलसारखं. आग दिसेल तरी."

सरांनी आणि मी मिळून ते करून पाहिलं तेव्हा तुम्हाला बघायला बोलावलं. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात आणि प्रयोगशाळेच्या दाराबाहेर वहाणा काढून ठेवल्यात. मला अजून दिसतं ते. काचेच्या नळीत थेंब थेंब द्रव पडतोय, नळीभोवतीची विजेची भट्टी लाल झालीय, पलीकडे पाण्यात बुडबुडे वर येतायत. परीक्षानळीत तो वायू धरून मी काडी लावते, फट्ट आवाज होतो, आणि तुम्ही हसता. मग भट्टीकडे बोट दाखवून सरांना विचारता, "एवढासा वायू काढायला ही किती तापवावी लागली?" सर म्हणाले, "खूप. खरी अडचण तीच आहे." मला तुमचा राग आला. परत येताना मी तुमच्या चार पावलं पुढे चालत होते. घराजवळ आल्यावर तुम्ही म्हणालात, "तुझं खोटं हाय असं नाय बोललो मी. लवकर कर, एवढंच."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, भर दुपारी, सिलिंडर उतरवताना दोर सुटला. एक खाली पडला आणि त्याचा वॉल्व्ह तुटला. हमाल पाय अडकून तिथेच पडला होता. वायूचा नुसता आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं. केरसुणी घ्यायला तुम्ही थांबला नाहीत. तो हमाल वाचला. पुढे घरी येऊन आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "त्यांनी मला ओढला तवा आग लागलीय हे आमाला दोघांना पन म्हाईत नव्हतं. त्यांचा सदरा काळा पडला तवा समजलं."

मी पुढची तीस वर्षं त्याच कामात काढली. प्लॅटिनम कमी लागेल असं केलं, नळी जास्त दिवस टिकेल असं केलं. आता परदेशात तो द्रव जहाजानेसुद्धा नेतात. पण वायू सोडवायला उष्णता लागते ती लागतेच. जेवढी जोडताना बाहेर पडते तेवढीच पुन्हा द्यावी लागते, त्यात कुणाचं काही चालत नाही. हे कळायला मला फार वेळ लागला नव्हता. कळूनही मी करत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. इस्पितळात तुम्ही चार दिवस होतात. अंग किती भाजलंय ते डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आईला मी सांगत राहिले की बरे होतील. चौथ्या दिवशी ती घरी कपडे आणायला गेली आणि मला तुमच्यापाशी बसायला सांगून गेली. मी आत बसले नाही, बाहेर बाकावर बसले. तुम्ही गेल्यावर नर्सने सांगितलं की तुम्ही दोनदा हाक मारलीत. मी तिला म्हटलं, मला ऐकू आली नाही.

आली होती, बाबा. दोन्ही वेळा.