म्हैस ओळखली, दुसरं कोण?

विश्रामबाग, सांगली
५ फेब्रुवारी १९७८, रविवार

संपतची कॅसेट घेऊन सकाळच्या एस.टी.ने आष्टा, तिथून बैलगाडीने त्याच्या घरच्यांची वाडी. कंबर कामातून गेली. टेपरेकॉर्डर माझा (भाच्याने कुवेतहून आणला, म्हणे मावशी गाणी ऐक), मुलगा त्यांचा, हमाली माझी. माझ्या मागच्या खोलीत राहून बी.एस्सी. झाला म्हणून करते. दुसऱ्या कुणासाठी केली नसती.

ओसरीवर अख्खी वाडी. संपत विलायतेत शेतीची यंत्रं शिकतो आहे. या खेपेला समुद्रावर जाऊन आला. "इथं लोक मोटार समुद्राकडं तोंड करून लावतात, काचा बंद करतात आणि आत बसून थर्मासमधला चहा पितात. कुणी खाली उतरत नाही. मग घरी जातात. याला ट्रिप म्हणतात." बसमधली कंडक्टरबाई त्याला 'लव्ह' म्हणाली. हा घाबरून भलत्याच स्टॉपवर उतरला. पुढे कळलं, ती सगळ्यांनाच म्हणते, टक्कल पडलेल्या म्हाताऱ्यांनासुद्धा. प्रॅक्टिकलला ज्या फार्मवर जातो तिथल्या गाईंना नावं नाहीत, नंबर आहेत. "काल एकशेबेचाळीस व्याली."

त्याची काकू: "आन वासराला काय म्हनायचं? साडेएकशेबेचाळीस?"

संपत 'येस'ऐवजी 'या' म्हणायला लागलाय. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं.

मग आमचं उत्तर. कॅसेटची एक बाजू सुभेदारांनी खाल्ली. हे संपतचे थोरले चुलते, पलटणीतून निवृत्त. घर त्यांच्या शब्दावर चालतं. मायक्रोफोनसमोर ताठ उभे. "इकडे सर्व कुशल. हवामान कोरडे. ऊस गेला. शिस्तीत राहणे. बूट रोज पॉलिश करणे. जय हिंद." श्वास घेऊन पुन्हा तेच. लढाई संपली हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. वडील, म्हणजे तात्या, "आबा सांगत्यात तसं कर" (आबा म्हणजे सुभेदारच) एवढं म्हणून रडले. काकू बोलली, शेजारी बोलले, कुत्रंसुद्धा भुंकलं.

आई, हौसाबाई, दाराआड. डोईवर पदर, नजर उंबऱ्यावर. मी मायक्रोफोन पुढे केला तर मान हलवून आत. थोरले दीर बसलेले ना! सून म्हणून या घरात आल्यापासून त्यांच्यासमोर तिने आवाज काढलेला नाही. छान. एवढा लांब मुलगा, आणि आईला बोलायची चोरी.

९ मार्च, गुरुवार

संपतची वेगळी कॅसेट, माझ्या नावावर. सगळी इंग्रजीत, घरच्यांना कळू नये म्हणून. तीनदा ऐकली.

म्हणतो, बाई, घरून आलेल्या सगळ्या कॅसेटी ऐकल्या. सगळ्यांचा आवाज आहे, कुत्र्याचाही आहे, आईचा नाही. तिला लिहिता येत नाही, पत्रं तात्याच लिहितात. खरं सांगा. आई आहे ना?

मूर्ख मुलगा, असं आधी वाटलं. मग नाही वाटलं. बी.एस्सी.च्या परीक्षेत त्याची आजी गेली, तेव्हा घरच्यांनी शेवटचा पेपर होईपर्यंत कळवलं नव्हतं. हा पेढे घेऊन घरी गेला तर आजीची खाट उभी करून ठेवलेली. मलाही त्यांनी अंधारात ठेवलं होतं. त्या वेळी सुभेदारांना जे बोलले ते आजही मागे घेणार नाही.

आता म्हणतो, परीक्षेआधी आईचा आवाज ऐकला नाही तर सगळं टाकून निघतो. परीक्षा मेअखेर. बुडवली तर शिष्यवृत्ती गेली, ती परत मिळत नाही. विलायतेला जायला त्याने काय काय केलं ते मी पाहिलंय. पहाटे माझ्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत इंग्रजी पाठ करायचा. माझी झोपमोड.

१२ मार्च, रविवार

वाडीवर. सगळं सांगितलं. तात्या मटकन बसले. सुभेदार: "मी लिहून देतो. शपथेवर."

मी: "तुमच्या शपथेवर त्याचा विश्वास नाही, सुभेदार. तो तुम्हीच घालवलात."

सुभेदार फोटो पाठवू म्हणाले. फोटो जुनाही असू शकतो. आवाजच पाहिजे.

हौसाबाईला गोठ्यात नेलं. तिथे आम्ही दोघी आणि म्हैस. बटण दाबलं. हौसाबाई मायक्रोफोनकडे विंचवाकडे पाहावं तसं पाहत राहिली. मग कुजबुजली. इतकं हळू की शेजारी बसून मला ऐकू येईना.

"मोठ्यानं बोला."
"भाईर भावजी हायेत."
"ते ओसरीवर आहेत. आणि पोराचा जीव टांगणीला लागलाय."
"व्हय," पुन्हा कुजबुज, "पर आवाजच निघत न्हाई, बाई. सवयच न्हाई."

म्हैस मात्र भरपूर बोलली. तरी ती कॅसेट पाठवली. नाही पाठवणार तर काय करणार!

३ एप्रिल, सोमवार

संपतचं पत्र. एवढंच: "बाई, म्हैस ओळखली. दुसरं कोण? ती काकू असेल. काकू नकला छान करते. तुम्हीही त्यांना सामील झालात?"

मी! सामील! चाळीस वर्षं मुलींना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं ते याच्यासाठी? दिवसभर संताप. संध्याकाळी शेजारच्या देशपांडे वहिनी वाटी परत न्यायला आल्या, त्यांच्यावरही ओरडले. वाटी त्यांचीच होती.

९ एप्रिल, रविवार

काल पाडवा. आज पुन्हा वाडीवर. जाऊन करायचं काय ते ठरलेलं नव्हतं. ओसरीवर एक नवा माणूस, लाल फेटा, पुडीतली तंबाखू मळतोय. हौसाबाईचा भाऊ, रामू. शिरवळच्या बाजूला त्यांचं गाव. पंधरा दिवसांवर आलेल्या गावच्या यात्रेला बहिणीला नेऊ का, विचारायला आलेला.

मी त्याला म्हटलं, तुमच्या बहिणीचा आवाज पैदा करायचाय, काही उपाय असेल तर सांगा.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हौशीचा? आवं बाई, आमच्याकडं तिला गप करायला मानूस ठेवावा लागतो!"

"आपण एकाच बाईबद्दल बोलतोय का?"

"यात्रंला या. मग बघा."

माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही! या बाईला सासरचा आवाज वेगळा आणि माहेरचा वेगळा. शोधते मी कुठे, तर गोठ्यात.

सुभेदारांना म्हटलं, मीही जाते यात्रेला. "मशीन घिऊन?" "मशीन घेऊन." मिशीला हात. मग: "सेल जादा घ्या. तिकडं वीज न्हाई."

२२ एप्रिल, शनिवार. शिरवळजवळ

दिवसभराचा प्रवास. रामू, हौसाबाई, मी, टेपरेकॉर्डर मांडीवर. कऱ्हाड मागे पडलं तरी ती गप्प. साताऱ्याच्या स्टँडवर पदर डोक्यावरून खांद्यावर, आणि पहिलं वाक्य मोठ्याने: "रामू, च्या घे की रं, बाईंचा घसा सुकला असंल!" मी चमकून पाहिलं, दुसरंच कुणी बोललं की काय. सातारा सुटल्यावर कंडक्टरशी वाद घातला. एका बाईच्या टोपलीतल्या कोंबड्यावरून. आणि जिंकली. मुक्कामी पोचेपर्यंत पुढच्या बाकावरच्या सगळ्यांना तिच्या भावाच्या बैलाच्या आजारपणाची माहिती झाली होती.

साताऱ्यात इतकी वर्षं नोकरी केली, पण त्या गावच्या वाऱ्याने आवाज सुटतो हे माहीत नव्हतं.

२३ एप्रिल, रविवार

झालं.

घरामागे चिंच. तिच्याखाली भावजया, भाच्या, पुरणपोळीचा वास. हौसाबाई मध्ये बसून सगळ्यांची खिल्ली उडवते आहे, सगळ्या लोळताहेत. मी मशीन ठेवलं तशी गप्प.

"बाई, ह्ये संपतच ऐकनार न्हवं? हितनं पुढं वाडीवर न्हाई वाजवायचं?"
"नाही."
"थोरलं भावजी?"
"मुळीच नाही. शब्द देते."
"मग दाबा."

बटण दाबलं. जशी बोलली तशी उतरवून ठेवते, विसरायला नको.

"कोन मेलं रं? मी? तुज्या डोस्क्यात भुसा भरलाय का रं त्या लोकांनी? मी मरंन आन तुला सांगनार न्हाईत? हितं चिंचंखाली बसलीया, तुजी मामी पोळी करपावतीया, वास येतुया का तिकडं?" (मामी: "न्हाई करपली!") "आन गाईंना नंबर? लाज न्हाई वाटत त्यांना? तू एकशेबेचाळीसला नाव ठेव. गौरी म्हन. मी सांगितलंय म्हनावं."

सगळ्या हसत होत्या. मग ती थांबली. सूर उतरला, पण आवाज तेवढाच मोठा.

"ऐक. तुजी आजी गेली तवा तुला सांगू नका म्हनली ती मीच. भावजी तार करनार हुते. मीच त्यांचं पाय धरलं. पेपर बुडंल म्हनून. त्येंच्यावर राग धरू नगंस. त्यांनी माजं नाव कवा काडलं न्हाई, सगळ्यांची बोलनी खाल्ली. बाईंचीबी खाल्ली."

मी मशीनकडे पाहत बसले.

"आता पुन्यांदा तसं हुनार न्हाई. उद्या मला कायबी झालं तर तुला त्याच दिशी तार येनार. पेपर असू दे नायतर लगीन असू दे. बाई तार करतील. त्येंना सांगून ठेवलंय." (सांगितलं नव्हतं. तिथेच मान डोलावली.) "तवा तार आली न्हाई म्हंजी मी हाय, आसं समजायचं. आन गप पेपर लिहायचा."

मग दोन्ही बाजू संपेपर्यंत बोलली. बैल, पाऊस, कुणाच्या सुनेला दिवस गेले. सेल बदलावे लागले. शेवटी मशीन आपोआप बंद झालं तर म्हणते, "आं? एवडंच मावतं व्हय ह्यात?"

२४ एप्रिल, सोमवार. सातारा

परत निघाले, एकटी. हौसाबाई राहणार आहे चार दिवस. साताऱ्यात उतरून कॅसेट इथूनच विमानाने पाठवली. सांगलीपर्यंत थांबायची माझी हिंमत नव्हती. सुभेदार वाटेवर बसलेले असणार.

२५ एप्रिल, मंगळवार

होतेच. विश्रामबागेत, माझ्या फाटकापाशी, सकाळपासून. चहा केला. बशीत ओतून प्यायले.

"वाजवा."
"कॅसेट गेली, सुभेदार. साताऱ्यातूनच."

वाटलं आता तोफ डागणार. पण बशी खाली ठेवून विचारलं, "बोलली का?"
"बोलली."
"मोठ्यानं?"
"चिंचेवरची पाखरं उडाली."

मान हलवली. "बरं झालं," म्हणाले. "आमच्या घरात... म्हंजी आमी तिला बोलू नगं असं कवा म्हनलं न्हाई. रीतच हाय."

आजीच्या वेळी मी जे बोलले ते मागे घेणार नाही असं फेब्रुवारी-मार्चात कुठेतरी लिहिलंय. आज सुभेदारांना म्हटलं, त्या वेळी मी चुकीच्या माणसाला बोलले. त्यांनी विचारलं नाही कसं कळलं. दुसरी बशी मात्र मागितली.

१४ मे, रविवार

काही नाही. पत्र नाही, कॅसेट नाही, तार नाही. पोस्टमन मला बघून आता लांबूनच हात हलवतो. मेल्याला वाटतं मी त्याची वाट बघते.

कॅसेट पोचली असेल. नसेलही. आई जिवंत आहे हे आता तरी पटलं असेल. पण आजीचं खरं काय ते आईच्याच तोंडून ऐकून त्याचं काय झालं असेल कोण जाणे. हा विचार आधी केला नव्हता. कॅसेट बॅगेत असताना करायला हवा होता.

२९ मे, सोमवार

आज त्याचा पहिला पेपर. एकतर तिथे बसून लिहितोय, नाहीतर विमानात बसून इकडे येतोय. तिसरं काही नाही. अजून एक ओळ नाही मेल्याची.

दुपारी फाटक वाजलं. हौसाबाई. पाठीमागे सुभेदार, पॉलिश केलेले बूट. मी आत या म्हटलं. हौसाबाई आली, डोक्यावर पदर घट्ट. सुभेदार पायरीपाशीच थांबले. "मी भाईरच बसतो. वारा बरा हाय." वारा अजिबात नव्हता. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबाखाली जाऊन पाठ फिरवून बसले, ताठ, पहाऱ्यावर असल्यासारखे.

हौसाबाई खिडकीतून ती पाठ बघत राहिली.

"त्येच म्हनलं चल म्हनून," हळूच.
"कोण? तात्या?"
मान हलवली. कडुलिंबाकडे बोट.

मशीन ठेवलं. "पर संपत हितं यायला निगाला असंल तर?" म्हणाली. "मग कॅसेट कुनाला?"
"निघाला असेल तर घरी बसून ऐकेल. चांगला कान धरून ऐकवू."
हसली. मी बटण दाबलं.

"संपत," कुजबुज. खाकरली. पुन्हा: "संपत." जरा मोठ्याने. "आज तुजा पेपर हाय..."

रस्त्यावरून आवाज, पलटणीतला: "त्याला इचारा, पेपर कसा गेला!"

गेला की नाही तेच कळायचंय, पण राहवेना त्यांना. मला वाटलं, आता संपलं, ही पुन्हा मिटणार. हौसाबाईने खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मलाच उद्देशून, पण कडुलिंबापर्यंत नीट पोचेल एवढ्या मोठ्याने म्हणाली:

"त्यास्नी सांगा, बाई, इचारतीया म्हनून!"

आणि विचारू लागली.