दोन बोटांचा फरक

३ फेब्रुवारी, मंगळवार

आला! पहिला आकडा आला आणि तो चक्क खरा आहे!

सकाळभर धरणाच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या खोलीत नखं चावत बसले होते. पडद्यावर रेघ वरखाली, वरखाली. एक उपग्रह क्षितिजावरून वर चढत होता आणि त्याचा सिग्नल माझ्या खांबावरच्या अँटेनाला दोनदा मिळत होता — एकदा सरळ आकाशातून, एकदा पाण्यावर आपटून. दोघांची गाठ पडली की जोर कधी वाढतो, कधी घटतो. त्या वाढण्याघटण्याच्या लयीवरून पाणी अँटेनाच्या किती खाली आहे ते निघतं. पाण्याला हात न लावता! लोकांना रस्ता सापडावा म्हणून सोडलेले उपग्रह, आणि मी त्यांच्याकडून फुकटात पाणी मोजून घेतेय.

तेवढ्यात पट्टीवाले काका आले. तलावातल्या दगडी मनोऱ्यावर पातळीची पट्टी रंगवलेली आहे, ती रोज वाचणं हे त्यांचं काम. त्यांचा आकडा आणि माझा — बोटभराचाही फरक नाही! मी खुर्चीवरून उडीच मारली. काका म्हणाले, "हे चाललं तर माझे गुडघे तुम्हाला दुवा देतील. त्या पायऱ्या उतरून उतरून त्यांचं पार वाटोळं झालंय."

४ फेब्रुवारी

काम संपेपर्यंत ताईकडेच मुक्काम. धरणाच्या पायथ्याची शेवटची गल्ली, शेवटचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धरणाचा गवताळ उतार दिसतो, त्यापलीकडे आकाशच.

रात्रीच्या जेवणात ताईला सगळं समजावलं. पाण्यावरून उसळून आलेला सिग्नल म्हणजे आमच्या धंद्यातली कटकट. तो आला की जागा चुकते, म्हणून सगळे तो गाळून टाकतात. मी तोच ठेवते. भावोजी म्हणाले, "म्हणजे लोकांनी टाकलेलं तू वेचतेस. भंगारवाली!" झालं, आता हेच नाव चालणार. ताईने फक्त विचारलं, "पण तुझं यंत्र बरोबर असतं ना?" असतं, ताई. असायलाच हवं.

कारण आमच्या ऑफिसातल्या काटेकोर साहेबांची अट साधी आहे. (नाव आम्ही ठेवलंय. त्यांना माहीत आहे आणि आवडतं.) मार्चअखेरपर्यंत माझा आकडा पट्टीपासून दोन बोटांच्या आत राहिला, तर बाकीच्या सगळ्या तलावांवर असे खांब. नाही राहिला तर खांब उपटायचा आणि मी परत नकाशांच्या टेबलावर, हद्दी रंगवत. ते टेबल नको!

८ फेब्रुवारी

आज मोठी साफसफाई. संगणक धापा टाकत होता. थेट सिग्नलवरून अँटेनाची स्वतःची उंची रोज काढायचं गणित चालू होतं, ते बंद करून टाकलं. खांब धरणाच्या माथ्यावर काँक्रीटमध्ये रोवलाय, त्याची उंची पहिल्याच दिवशी मोजलीय. रोज उठून त्याला "कुठे आहेस बाबा?" असं काय विचारायचं? थेट सिग्नल आता नुसते साठतात — 'अडगळ' नावाच्या फोल्डरमध्ये.

सगळं जग थेट सिग्नल जपतं आणि उसळलेला फेकतं. मी बरोबर उलटं करते. भंगारवाली खरीच!

१४ फेब्रुवारी

भयंकर सकाळ, मग पोट दुखेपर्यंत हसू. पाणी एका रात्रीत हातभर वर! मी धावत खोलीबाहेर. पाणी होतं तिथेच. खांबासमोर मासेवाल्याने आपला पत्र्याच्या छपराचा तराफा आणून बांधला होता, सिग्नल छपरावरून उसळत होते. त्याला म्हटलं, "दादा, तुमचं छप्पर मी अर्धा दिवस मोजत होते." तो म्हणाला, "मग सांगा, गंज किती चढलाय?" तराफा पलीकडच्या काठाला नेला बिचाऱ्याने.

२० फेब्रुवारी

जुळतंय! गावासाठी पाणी सोडलं, पातळी उतरली, माझी रेघ तिच्याबरोबर उतरली. ऑफिसात ज्या टेबलांवर माझी टिंगल व्हायची, त्याच टेबलांवरून फोन येताहेत. "आमच्या तलावावर कधी?" विचारतात. मी भाव खाल्ला. थोडाच.

ताई भावोजींच्या मागे लागलीय. मागच्या अंगणात चिखल होतो, नळ गळतोय, कुणाला तरी बोलवा. भावोजी "उद्या" म्हणतात. त्यांचा उद्या म्हणजे काय ते ताईला लग्नापासून माहीत आहे.

२ मार्च

बोटभर फरक. माझं पाणी पट्टीपेक्षा बोटभर वर दिसतंय. वारा असेल. लाटा असतील.

९ मार्च

दीड बोट! वारा नाही, तराफा नाही, काही नाही. गणित तीनदा तपासलं. मग माझं डोकं फिरलं आणि मी काकांवर घसरले — तुम्ही खाली उतरता तरी का, की वरूनच अंदाजपंचे आकडा ठोकून देता? काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "चला. तुम्हीच वाचा."

गेले. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. पट्टीला नाक लावून वाचलं. काकांचा आकडा तंतोतंत बरोबर. पट्टी खडकावरच्या मनोऱ्यावर आहे, ती कुठे जाणार! तिथेच पाण्याशी बसून त्यांची माफी मागितली. काका म्हणाले, "माफी राहू द्या, वर चढताना हात द्या." दिला. खरंच, गुडघे फार वाईट आहेत त्यांचे.

१० मार्च

म्हणजे चूक माझ्यात आहे. पण कुठे? गंमत अशी की मला भीती वाटायच्या ऐवजी हुरूप चढलाय. चूक भिरभिरणारी असती तर मी रडले असते. ही शहाण्यासारखी, एकाच दिशेने, रोज तेवढीच वाढतेय. इतकी शिस्तीची चूक म्हणजे तिला काहीतरी कारण आहे! शोधून काढीन.

१३ मार्च

नळवाला येऊन गेला एकदाचा. नळ ठीक आहे म्हणे, पाइपही ठीक. ताईचा विश्वास नाही. "पैसे घेऊन गेला आणि चिखल ठेवून गेला!" ताईचं मांजर मात्र खूश. ओल्या गवतात बेडूक आलेत.

१८ मार्च

काटेकोर साहेब आले. खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. दोन्ही रेघा शेजारीशेजारी पाहिल्या. दोन बोटांच्या पुढे गेलाय फरक. मी म्हटलं, "सर, चूक इतकी सरळ आहे की..." ते म्हणाले, "सरळ असो की वाकडी, अट अट असते. मार्चअखेरची वाट कशाला बघायची? काढून घ्या."

ओरडले असते तर बरं झालं असतं. जाताना म्हणाले, "कल्पना चांगली होती हो." होती! त्या एका शब्दाने घरी येईपर्यंत डोळे पुसत आले. ताईने चहा ठेवला.

२१ मार्च, शनिवार

खांब काढायला तोच गवंडी आला ज्याने तो उभा केला होता. मी चिडलेलीच होते. म्हटलं, "तुमचा खांबच कलला असेल." माणूस एवढा दुखावला! ओळंबा काढला, चारही बाजूंनी लावून दाखवला. दोरी खांबाला चिकटून सरळ. पायाशी केसाएवढाही तडा नाही. "बाई, हा माझा खांब आहे. एवढं धरण हललं ना, तरच हा हलेल."

मी हसले. त्याला म्हटलं, ठीक आहे, सोमवारी काढा. तो हत्यारं गुंडाळून गेला.

आणि मी खोलीच्या दारातच थांबले. काय म्हणाला तो?

त्याच दिवशी, दुपार

'अडगळ' उघडलं. थेट सिग्नल, सगळे दिवस.

अँटेना खाली गेलीय. रोज थोडी, एकाच दिशेने. जेवढा माझा फरक, बरोब्बर तेवढीच. पाणी वर आलंच नव्हतं. खांब त्याच्याकडे जात होता, खालच्या धरणासकट.

साहेबांना फोन केला. त्यांनी विचारलं, "आत्ता कुठे आहात तुम्ही?" म्हटलं, वर, खोलीत. "आणि बहिणीचं घर?" पायथ्याशी, शेवटचं. मागच्या अंगणात चिखल असतो, नळ ठीक असूनही — हे माझ्या तोंडून निघालं आणि मलाच ऐकू आलं. ते म्हणाले, "धरण पाझरतंय. पाणी सोडायला सांगतो. गल्ली रिकामी करा. आत्ता."

संध्याकाळ

भावोजींच्या गाडीत लिहितेय, मांडीवर मांजर. पुढे गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या, काका कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसलेत. धरणाची दारं उघडल्याचा आवाज इथवर येतोय. काचेतून भिंत दिसते — सरळ, हिरवी, जशी काल होती.

ताईने मागे वळून विचारलं, "म्हणजे तुझं यंत्र बरोबर होतं ना?"

हो ताई. बरोबर होतं.