कोट अजून ट्रायलला आहे

४ जून
लेकीची निवड झाली. तिच्या कॉलेजातून एकीलाच पाठवणार, परदेशात, एक सेमिस्टर शिकायला. थंडीचा देश आहे म्हणे. धावत येऊन सांगितलं तेव्हा मी शिलाई मशीनवर होते. मी म्हटलं, आधी चपला बाहेर काढ.
तोंड उतरलं तिचं. आता चपला घरात आणल्याच होत्या, त्याला मी काय करू? तरी टोचत राहिलं. हे म्हणाले, अगं, खुशाल जा म्हण की पोरीला एकदा. म्हटलं, म्हणणारच आहे. उद्या. तोंडभरून.

५ जून
नाही म्हटलं. सकाळी नळाचं पाणी गेलं. अशा वेळी कोण आशीर्वाद देत बसतं?
त्यापेक्षा भारी केलं. जाहीर केलं की तिचा थंडीचा कोट मी शिवणार. विकतच्या कोटाला शिवणीत जास्तीच्या कापडाची माया सोडत नाहीत, टाके असे की शिंकलं तरी उसवतील. ती म्हणाली, मग माप घे. म्हटलं, रस्त्यानं चालणाऱ्या बायांची मापं मी नुसत्या नजरेनं सांगते, तुला तर जन्माला घातलंय. टेप कशाला?
हे पेपरमागून म्हणाले, जन्मली तेव्हाचं माप असेल तुझ्याकडे. लक्ष दिलं नाही.

११ जून
दुकानात कापड नेलं. मास्तरांनी, म्हणजे आमच्या टेलरिंगच्या मालकांनी, खडू हातात घेऊन विचारलं, माप कुठाय? म्हटलं, डोक्यात. त्यांनी खडू माझ्या पुढ्यात ठेवला नि चहाला निघून गेले. माझ्याशी कुणी वाद घालत नाही, कारण मी बरोबर असते.
मीच कापलं.

२० जून
लेक दिवसभर व्हिसाच्या मागे. ट्रायलला हाताला लागत नाही. मग मीच अंगात घालून बघते. बांध्यानं ती माझ्यावरच गेलीय, सगळे म्हणतात. म्हणजे मी म्हणते.
डावी बाही लावली. उसवली. परत लावली. परत उसवली. मास्तर म्हणाले, बाई, कोट झाला नाही म्हणून विमान थांबत नसतं. म्हटलं, बाही बसत नाहीये. काम चोख लागतं मला. यात भलतंसलतं काही नाही.

३ जुलै
आजपासून टोमणे बंद.
दुपारपर्यंत एकही नाही. जेवताना फक्त एवढंच म्हटलं, तिकडे तापानं फणफणलीस तर पाणी द्यायला कुणी नसेल, आणि इकडे आम्ही मेलो तर तुला फोटोच बघायला मिळेल. ही माहिती झाली. टोमणा नव्हे. लेक ताटावरून उठून गेली. तिच्या ताटातलं मी संपवलं. अन्न टाकू नये.

९ जुलै
आज भडकली. म्हणाली, रोज तुझं हेच तोंड बघायचं तर मला जायचंच नाही. उद्या मॅडमना सांगते, माझ्याऐवजी दुसरीला पाठवा.
लिहूनच टाकते, इथं कोण वाचतंय. ऐकून मला बरं वाटलं. सुईत दोरा एका झटक्यात जावा तसं. मग तिच्याकडे बघितलं. नाकाचा शेंडा लाल झालेला. म्हणायला हवं होतं, वेडी का खुळी, जा. म्हटलं काय, तर तुझी मर्जी.
संध्याकाळी शिवताना गुणगुणत होते म्हणे मी. हे म्हणाले, आज गाणं? त्याच वेळी सुई बोटात गेली. बरं झालं गेली.

१० जुलै
दुकान बुडवून थेट कॉलेज गाठलं. परदेशी पाठवणाऱ्या मॅडमना खणखणीत आवाजात सांगितलं, पोरीनं नाव काढलं असेल तर मुकाट्यानं परत घाला. तिचा दोष नाही, चूक माझी आहे. अख्खं ऑफिस टाइप करायचं थांबलं.
मॅडम म्हणाल्या, काकू, नाव कुठं काढलंय? सकाळीच तिकिटाची कॉपी देऊन गेली ती.
म्हणजे नुसती रागानं बोलली होती. आणि मी गाणी म्हटली. परत येताना चपलेचा अंगठा तुटला. फरफटत आले.
घरी लेक म्हणाली, कॉलेजभर झालंय, तुझी आई येऊन माफी मागून गेली. म्हटलं, माफी नाही मागितली, चूक सांगितली. हसली जरा. मग म्हणाली, मला नाही सांगितलीस.
दूध उतू जात होतं. म्हणून उत्तर द्यायचं राहिलं.

२ ऑगस्ट
कोट तयार! उद्या ती निघणार, म्हणजे वेळेतच झाला.
तिनं घातला. बाह्या मनगटापासून चांगल्याच वर, पोटाशी असा ऐसपैस की आत आणखी एक लेक मावली असती. म्हटलं, वाळलीस तू पळापळ करून. ती म्हणाली, हातही वाळून लांब झाले का? आई, हा तुझा कोट आहे. मला घालायला लावला. चपखल बसला. शिलाई मात्र देखणी झालीय, कुणीही सांगेल.
हे हसले नाहीत, तिथंच मला संशय आला. मग त्यांनी कपाटावरची पिशवी काढली. आत विकतचा कोट. बापलेकीनं जूनमध्येच आणून ठेवलेला. म्हणाले, तू एवढ्या जिवापाड शिवत होतीस, कुठल्या तोंडानं सांगायचं?
टाके तपासले. बरे होते.

३ ऑगस्ट
गेली.
दारात वाकून म्हणाली, येते आई. वाट बघत उभी राहिली. खुशाल जा, एवढंच म्हणायचं होतं, आंघोळ करताना तीनदा म्हणून बघितलं होतं. तोंड उघडलं नि निघालं काय, तर वरचं बटण लाव.
एवढ्या उकाड्यात तिनं तो विकतचा कोट चढवला. वरचं बटण लावलं. आणि गेली.

७ ऑगस्ट
फोन आला. सुखरूप आहे. खोली छान आहे. तिकडे अजून ऊनच आहे, कोट बॅगेतच. आज पक्कं ठरवून बसले होते, म्हणायचं, गेलीस ते फार बरं केलंस. म्हटलं, कधी येतेस? ती म्हणाली, अगं, आत्ता तर आलेय.
फोन ठेवला नि माझा कोट अंगात घातला. थंडी म्हणून नव्हे. लोंबकळत होता म्हणून. सगळी बटणं लावली. आता निघेनात. काजं फार घट्ट झालीत. घामानं निथळत यांना हाक मारली. ते एकेक बटण सोडवत म्हणाले, आता तरी म्हणून टाक. मी भिंतीकडे बघून मोठ्यांदा म्हटलं, जा गं बाई, खुशाल जा.
जमलं की! काहीच अवघड नव्हतं.
हे म्हणाले, लावू का फोन तिला?
म्हटलं, आधी वरचं बटण काढा.