डाव्या हाताचं गाऱ्हाणं

सोलापूर
दि. ९ जून २०२४

ती. सौ. नीलाक्कास,
धाकट्या वीरभद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन तुझ्या भावजयीला, महानंदाला म्हणाला, की बँकेच्या नोटिसा सोडल्या तर हातानं लिहिलेलं टपाल येणारं या गल्लीत हे एकच घर उरलंय. फोन का उचलत नाहीस म्हणून तू रागावलीस. आमच्या घरात रेंज येत नाही असं समज. आणि पत्रात एक सोय असते, मध्येच कुणी तोडून टाकत नाही.

माझी तब्येत बरी आहे. जानेवारीत झटका आला तेव्हा डावा हात, डावा पाय आणि जीभ असे तिघं एकदमच संपावर गेले होते. पाय कामावर परतला, पण अजून फरफटत चालतो. हाताच्या वाटाघाटी चालू आहेत. व्यायामाच्या मॅडमनी एक मऊ रबरी चेंडू दिला आणि रोज दाबत बसा म्हणाल्या. अक्का, मी जन्मभर चादरीच्या दुकानात उभा राहून भर उन्हाळ्यात लोकांच्या गळ्यात जाड चादरी मारल्या. त्या माणसानं आता खिडकीत बसून चेंडू दाबायचा? चेंडू कॉटखाली गेला. मी त्याला जाऊ दिलं.

म्हणून मोबाईलवर डाव्या हाताचे दुसरे व्यायाम शोधत होतो, तर एक गोरे आजोबा सापडले. परदेशात कुठंतरी त्यांच्या गाडीच्या शेडमध्ये पियानो ठेवलाय, मागं शिडी आणि रंगाचे डबे. ते ब्लूज शिकवतात. त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळतं. तरी एवढं समजलं, की अमेरिकेतल्या काळ्या कष्टकरी माणसांनी आपली दुःखं गाऊन सांगितली, त्या गाण्याला ब्लूज म्हणतात. म्हणजे गाऱ्हाणंच की. गाऱ्हाण्याचा माल माझ्याकडं गोदाम भरून पडलाय! अंकिता शाळेत असताना घेतलेला कीबोर्ड माळ्यावर होता. पोरगी नोकरीला पुण्यात गेली, कीबोर्ड राहिला. महानंदानं तो काढून पुसून दिला. दोन पट्ट्या मुक्या आहेत, पण मी कुठं मोठा वादक लागून गेलोय.

यात डाव्या हाताचं काम गाढवाचं आहे. करंगळी एका पट्टीवर रोवायची आणि बाकीच्या बोटांनी शेजारच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीनं जायचं, तेच ते, तेच ते. आजोबा म्हणतात, ठेका सरळ नको, जरा लंगडत यायला हवा. हे मला एकदम जमलं. मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत चालत येतो तोच ठेका आहे. शिवाय माझं एक बोट नेहमी दोन पट्ट्यांवर पडतं आणि कचकन आवाज होतो. आजोबा मुद्दाम तसं करतात आणि त्यावर डोळे मिटतात. माझं चुकणं परदेशात कला आहे, हे दाजींना जरूर सांग.

थोरल्यांना नमस्कार. तुझी माया अशीच पाकिटातून येऊ दे.
तुझा,
वीरू


कुर्डुवाडी
दि. २० जून २०२४

चि. वीरभद्रास,
अक्काचे अ. उ. आ.

साठी ओलांडलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण तू माझ्यापेक्षा धाकटाच राहणार, त्याला इलाज न्हाय.

तुझं पत्र तुझ्या दाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. रेल्वेच्या वर्कशॉपात सारी हयात गेली त्यांची, त्यांना वाजवण्यापेक्षा त्या मुक्या पट्ट्यांची काळजी. उघडून साफ केल्या की बोलतील, म्हणाले. मग शेजारच्या सुनेकडून मोबाईलवर ते ब्लूज लावून घेतलं. दाजी दुसऱ्या मिनिटाला झोपले. मला मात्र आवडलं बघ. एक म्हातारा गात होता. शब्द एकबी कळला न्हाय, पण त्याचं काय दुखतंय ते कळलं.

आता खरं विचारते. रेंजची थाप मला मारू नकोस. महानंदाचा फोन त्याच घरातून लागतो. काल तासभर बोलली आणि शेवटी रडली. म्हणाली, अक्का, हे पाडव्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. चहा हवा असला तर कप वाजवतात, औषध हवं असलं तर चिठ्ठी लिहितात. डॉक्टर तर म्हणतात, की जीभ सुधारतेय, जितकं बोलाल तितकी सुटेल. मला चार पानं हसवतोस आणि जिच्या हातचं खातोस तिच्याशी मुका? ती बिचारी समजते, की तिचंच काही चुकलं. तिनं काय केलंय ते तरी कळव.

तू लहानपणी लई बडबड्या होतास. आई म्हणायची, हे पोरगं झोपेतबी दुकान मांडतंय. तो वीरू कुटं गेला?

रागाच्या आत मायाच आहे, ती शोधून घे.
तुझी,
अक्का


सोलापूर
दि. २७ जून २०२४

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून चार दिवस रुसून बसलो. मग ध्यानात आलं, की मुक्या माणसानं रुसलेलं कुणाला कळतच नाही. म्हणून लिहितोय.

पाडव्याच्या आधी एकदा हट्टानं दुकानात गेलो होतो. एक गिऱ्हाईक आलं, लांबून, विजापूरकडून. मी चादर उलगडली आणि नेहमीचं बोलायला सुरुवात केली. चादरीची सादर झाली, रंगाचा लंग झाला. त्या गृहस्थानं अजिंक्यला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, की तुमचे वडील सकाळपासूनच घेतात का? अजिंक्य खाली बघत राहिला. माझी जीभ बिघडली होती, कान नाही. त्या दिवशी मी दुकानाची पायरी उतरलो.

महानंदानं काहीच केलेलं नाही. तिनं फार केलं, हीच तक्रार आहे. मी पहिलं अक्षर काढलं, की ती उरलेलं वाक्य पुरं करून टाकायची. मी पा म्हटलं, की पाणी हातात. अक्का, मला पाणी नको होतं. मला म्हणायचं होतं, की पायाला आज जरा बरं वाटतंय. पण समोर पाण्याचा तांब्या धरून ती इतक्या मायेनं बघत होती, की मी पाणी प्यालो. असं रोजचंच व्हायला लागलं. माझी सगळी वाक्यं तीच बोलायला लागली आणि मी त्यांना मान डोलवायला लागलो. मग वाटलं, तिचं तिलाच बोलू दे, माझी गरज काय.

हे तिला सांगायचं तर बोलावं लागेल. आणि बोलायला गेलो, तर तेही वाक्य तीच पुरं करील. चिठ्ठी लिहावी, तर त्यात तक्रारच दिसेल, माया दिसणार नाही. तुझ्या हुशार भावाची ही अवस्था.

कीबोर्ड चालू आहे. ब्लूजच्या चालीत ठेक्याची बारा घरं असतात. आधी आपल्याच घरात बसायचं, मग शेजाऱ्याकडं जाऊन यायचं, मग जरा लांबच्या गावाला आणि परत घरी. मी लांबच्या गावी पोचेपर्यंत आजोबा घरी येऊन जेवून झोपलेले असतात.

तुझ्या शिव्याही आशीर्वादच समजणारा,
वीरू


कुर्डुवाडी
दि. ४ जुलै २०२४

चि. वीरूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दाजींना वाचून दाखवलं न्हाय. मी एकटीनंच दोनदा वाचलं.

महानंदाला फोन करून एक गोष्ट सांगितली. काय ते तुला सांगणार न्हाय. ती म्हणाली, की अक्का, मला वाटायचं त्यांना त्रास पडू नये. मी म्हटलं, व्हय गं, मीबी तुझ्या जागी हेच केलं असतं.

आता तुझ्याकडं काम एकच. उपदेश करत न्हाय. त्या गोऱ्या आजोबांचं तू ऐकतोस तेवढं ऐकत राहा. बहिणीचं कोण ऐकतं?

तुझी वाट बघणारी,
अक्का


सोलापूर
दि. २२ जुलै २०२४

ती. सौ. अक्कास,
वीरभद्रचा शि. सा. न. वि. वि.

तू महानंदाला काय सांगितलंस ते मला कळलं. कसं, ते ऐक.

आजोबांचा नवा धडा लागला होता. ते म्हणाले, वाजवताना मोठ्यानं मोजा, मनात मोजलेलं चालणार नाही, मनात सगळेच बरोबर मोजतात. मी मनातच मोजत होतो. तेवढ्यात त्यांनी पडद्यातून रोखून बघितलं आणि म्हणाले, तुम्ही मोजत नाही आहात. अक्का, तो माणूस मला ओळखत नाही, त्यानं ते बोलून कधीचं साठवून ठेवलेलं आहे, तरी मी घाबरलो. महानंदा बाजारात गेली असेल अशा समजुतीनं मोठ्यानं मोजायला लागलो. एत, दोन, तीन, साल. पुन्हा एत, दोन, तीन, साल. लंगडा ठेका, बोबडे आकडे आणि मुक्या पट्ट्या. असा कार्यक्रम आपल्या नाट्यगृहात कधी झाला नसेल.

ती बाजारात गेलेली नव्हती. स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, त्याचा आवाज थांबला. मी मान वळवली, तर ती दारात उभी, दोन्ही हातांना पीठ. तिच्या मागून धूर यायला लागला. मी बोट दाखवलं, तिनं मागं बघितलंच नाही. मग मात्र बोलणं भाग होतं. मी म्हणालो, महानंदा, भाकरी करपली.

एवढंसं वाक्य, पण त्यातला भ निघता निघेना. आधी ब आला, मग नुसती हवा आली. ती नुसती उभी राहिली. ओठ हलवले नाहीत, मान डोलवली नाही, पदर तोंडाशी घट्ट धरून ठेवला. वाक्य कुठं चाललंय ते घरभर वासानं कळत होतं, तरी तिनं ते पुरं केलं नाही. माझं ली पोचेपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, की करपू दे. मग आम्ही दोघं रडलो, आणि नंतर तीच भाकरी खाल्ली. कडू होती.

त्या दिवसापासून बोलतोय. चुकतो, ती थांबते. कधी थांबता थांबता तिचा ओठ हलतो, मी डोळे वटारतो, ती हसते.

आजोबांनी आता गाणं रचायला सांगितलंय. एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत त्याचं उत्तर द्यायचं. मी हे केलं:

सकाळी उठलो, डावा पाय म्हणतो, मी न्हाय येत,
अरं सकाळी उठलो, डावा पाय म्हणतो, मी न्हाय येत,
उजवा म्हणतो, त्याच्याबिगर मलाबी न्हाय करमत.

गाताना जीभ बोलण्यापेक्षा कमी अडखळते. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, काही जणांचं होतं तसं, गात राहा. अडखळली तरी ब्लूजमध्ये कुणी हरकत घेत नाही. भजनात घेतली असती.

दाजींना नमस्कार. मुक्या पट्ट्या तशाच राहू देत म्हणावं, घाई नाही.
तुझाच,
वीरू


सोलापूर
दि. १८ ऑगस्ट २०२४

ती. सौ. नीलाक्का यांना,
महानंदाचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण हे फोनवर सांगितलं असतं, तर त्यांनी मध्ये येऊन सांगितलं असतं. आता ते बोलायला लागले, की थांबत नाहीत.

काल ते दुकानात गेले. मला म्हणाले, चल. मी गेले. आत एक बाई आल्या होत्या, मंगळवेढ्याकडच्या, दगडाबाई असं नाव सांगितलं. नातीच्या लग्नात द्यायला चादरी बघत होत्या. अजिंक्य उठला, तर यांनी हातानं त्याला बसवलं आणि स्वतः चादर उलगडली.

अक्का, त्यांनी आधीच सांगून टाकलं, की बाई, माझी जीभ आजारी आहे, प्यायलेलो नाही, जरा दमानं ऐका. एवढं सांगायलाच बराच वेळ गेला. मग चादरीचं सुरू केलं, की नक्षी दोन्ही अंगांनी कशी दिसते, रंग कसा जात नाही. एका शब्दापाशी अडकले. अजिंक्यनं तोंड उघडलं. मी त्याचं मनगट असं धरलं, की तो माझ्याकडं बघायलाच लागला. त्या बाई स्टुलावर बसल्या, पोऱ्या चहा घेऊन चालला होता त्याला थांबवून त्यातला एक कप घेतला आणि म्हणाल्या, बोला की, मला गाडी संध्याकाळची हाय.

यांनी सगळं सांगितलं. एक शब्द सोडला नाही. मग त्या बाईंनी घासाघीस सुरू केली. अशी घासाघीस, की काय सांगू! म्हणाल्या, एवढा भाव लावताय, चादरीत सोनं विणलंय काय. हे म्हणाले, नाही, पण घाम विणलाय. त्या म्हणाल्या, घाम धुतला की जातो. हे हसले, त्या हसल्या नाहीत. चार चादरी उलगडायला लावल्या, काठ ओढून बघितला, नख मारून बघितलं, आणि शेवटी रंग पटला न्हाय म्हणून काहीच न घेता उठून गेल्या.

मला वाटलं, आता हे खचणार. अजिंक्य घाईनं चादरींच्या घड्या घालायला लागला. आणि हे गल्ल्यापाशी बसून हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला म्हणाले, बघितलंस? तिनं माझ्यावर दया म्हणून एक टॉवेलसुद्धा घेतला नाही.

घरी येताना रिक्षावाल्यालाही त्या बाईंचं सगळं सांगितलं, सावकाश, पुरं. तो सिग्नलला थांबून ऐकत होता. सिग्नल सुटला, मागचे भोंगे वाजवायला लागले, तरी यांचं वाक्य संपेपर्यंत त्यानं रिक्षा हलवली नाही.

दाजींना नमस्कार सांगा. तुम्हा दोघांचा हात आमच्या डोक्यावर राहू द्या.
तुमची,
महानंदा