उपासाचं रोनदोन

१७ ऑगस्ट, रविवार

अवि कालच्या ऑफिसच्या जेवणातून जिवंत परत आला. लोक रोजनिशीत हवामान लिहितात, मी हे लिहिते.

जूनपासून असंच. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, इथल्या त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोळंबीच्या दुसऱ्या घासाला त्याचे ओठ सुजले, मग डोळे, मग आवाज चिरका झाला. नवऱ्याचा इतक्या वर्षांच्या ओळखीचा चेहरा बघता बघता परका झाला. हॉस्पिटलमधली डॉक्टरीण म्हणाली, कोळंबी, खेकडे, शिंपल्या, सगळं कायमचं बंद. नुसता तुकडा नाही, त्यांचं उकळलेलं पाणीसुद्धा नको. पुढची वेळ याहून वाईट असू शकते. मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन दिलं, कायम जवळ बाळगायला. मासे चालतील म्हणाली, तेवढीच दया.

अवि तिला म्हणाला, "पण मी मालवणचा आहे." जणू मालवणच्या लोकांसाठी त्यांच्याकडे वेगळं कपाट असतं.

बाहेर आल्यावर मला, "कोणाला बोलू नकोस, शुभा. मालवणी माणसाला कोळंबी बाधते म्हणजे... हसतील लोक."

हसू देत की. हसणाऱ्यांच्या तोंडात निदान श्वास असतो.

२० ऑगस्ट, बुधवार

ज्याची भीती होती तेच. त्याचा नवा बॉस डेल्रॉय, कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा, लिमोन नावाच्या गावचा. गेल्या महिन्यात अविने त्याच्यासमोर बढाई मारली होती की आमच्याकडेही नारळ आणि मासे, मी तर करवंटीतच वाढलो वगैरे. डेल्रॉय गहिवरला. इथे सबंध बेटावर त्याला गावचं कोणी भेटलं नव्हतं, हा भेटला.

आता त्याची आई आली आहे तिकडून. मिस ऑलिव्ह. थोरले-धाकटे सगळे तिला असंच म्हणतात. ती रविवारी रोनदोन करते. म्हणजे मासे, खेकडे, शंखातले जीव, कच्ची केळी, कंद, सगळं एका पातेल्यात, नारळाच्या दुधात. डॉक्टरणीने ज्याला ज्याला नको म्हटलं ते सगळं एकत्र पोहतंय.

आमंत्रण आलं. "मी खेकडा खाल्ला तर मरेन" हे साधं वाक्य आहे, इंग्रजीतही जमतं. त्याऐवजी अवि काय म्हणाला? "श्रावण आहे."

श्रावणात स्वयंपाकघरात उभ्याने ऑम्लेट खाणारा माणूस.

१० सप्टेंबर, बुधवार

दुसरं आमंत्रण. या वेळी पितृपक्ष. अविने ऑफिसात समजावलं की हा पंधरवडा आमच्या दिवंगतांचा.

संध्याकाळी डेल्रॉयचा मेसेज, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे, हवी तर रजा घे. बरोबर पांढऱ्या फुलांचं चित्र. अवि हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. मला त्या फुलांकडे बघवेना. फोन घेतला आणि ते चित्र पुसून टाकलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

नवरात्र. तेही सांगून झालं, संपले बहाणे. डेल्रॉयने फोनवर आपलं पंचांग उतरवून घेतलंय! अविच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "दहा तारखेला तुमचा गणपतीचा उपास दिसतोय. बारा ऑक्टोबर, रविवार, त्या दिवशी काहीच नाही. बरोबर ना?" सबंध ऑफिसात तिथी कळणारा एकच माणूस आणि तो लिमोनचा.

मिस ऑलिव्हचा निरोपही आहे. ज्याचा देव त्याला इतके दिवस उपाशी ठेवतो त्याला एकदा तरी पोटभर घालायला हवं.

सई जेवता जेवता म्हणाली, "पापा स्टिल नेव्हर टेल देम? सो सिली ला." पंधरा वर्षांची पोर, इंग्रजीही इथल्या रस्त्यावरची. तिच्या शाळेत शेंगदाणे न चालणारी मुलं पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला सांगतात.

अवि म्हणाला, "त्यांचं वेगळं. आपल्याकडे यजमानाला असं सांगितलं तर तो कानकोंडा होतो."

आणि पाहुणा आडवा झाला तर यजमान खूश होतो वाटतं?

५ ऑक्टोबर, रविवार

मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मागे लागलेत. "शुभाताई, काहीतरी खुसखुशीत पाठवा." तीनदा बसले. प्रत्येक वेळी विनोद नीट चालू होतो आणि मध्येच त्याचा घसा सुजतो.

आज रोनदोनचे फोटो शोधले. बघायला नको होते. पांढऱ्या रश्शातून खेकड्याची नांगी वर आलेली, कोणीतरी बुडताना हात वर करतं तशी. तरी खोटं कशाला लिहू, तोंडाला पाणी सुटलं. आपण नारळाचं दूध फुटू नये म्हणून जिवाचं रान करतो, आच मंद, डाव हलवत राहायचा. ही मंडळी ते मुद्दाम आटवतात, तेल वर येईपर्यंत.

पेन वापरायचा सराव केला. डॉक्टरणीने सुई नसलेलं एक नकली दिलं होतं, ते उशीत खुपसायचं. पहिल्यांदा नुसतं टेकवलं. सई म्हणाली, "हार्डर, आई. पँटवरूनच द्यायचं असतं." उशीला नवऱ्याची मांडी समजायचं म्हणजे... जाऊ दे.

११ ऑक्टोबर, शनिवार

भांडण. मी म्हटलं, "मीच फोन करते डेल्रॉयला."

"नको. माझा बॉस आहे, मी सांगेन."

"कधी?"

"गेल्या गेल्या. सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या आईला सांगतो. बास?"

"शपथ?"

"अगं, काय लहान मूल आहे का मी?"

लहान मूल असता तर कडेवर घेऊन घरी थांबले असते.

पेन पर्समध्ये. पुन्हा उघडून बघितलं. पुन्हा.

१३ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ

हॉस्पिटलच्या बाकावर. अवि आत झोपलाय, छाती वरखाली होताना दिसतेय. तेवढी दिसत राहावी म्हणून बाक ओढून दारासमोर घेतलाय. लिहितेय, म्हणजे दर मिनिटाला उठून आत जायचं टळतं.

काल. आम्ही तिघं, डेल्रॉयचा बेडोकचा फ्लॅट. दार उघडण्याआधीच वास, नारळ आणि ओव्यासारखं काहीतरी. मिस ऑलिव्ह बुटकी, रुंद, ॲप्रनवर मोठाली जास्वंदं. बाजारात पिळलेलं दूध मिळतं पण तिला तो अपमान वाटतो, नारळ स्वतः किसते. मला बघताक्षणी हातात किसणी दिली. बाई मला फारच आवडली, आणि तिथेच माझा पहारा ढिला पडला.

अवि कबूल केल्याप्रमाणे सरळ तिच्याशी बोलायला गेला. मी सोफ्यावर डेल्रॉयशी. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज. बाहेर येऊन माझ्या शेजारी टेकला, हळूच म्हणाला, "सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काही काळजी नको, तुझं वेगळं भांडं केलंय."

मला वाटलं, सुटलो. ऑगस्टपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. मी डेल्रॉयच्या एका विनोदावर मनापासून हसलेसुद्धा.

पानं वाढली. आम्हाला मोठ्या पातेल्यातलं, नांग्यांसकट. अविपुढे छोटा वाडगा, त्यात केळी, कंद, साबुदाण्याचं मूळ ते टॅपिओका, पांढरा रस्सा, वर तेलाचे डोळे. मासा नाही, काही नाही. मिस ऑलिव्ह त्याच्या मागे उभी, आपल्याकडे वाढणारी उभी राहते तशी. म्हणाली, "खा बेटा. यात तुझ्या देवाला दिसेल असं काही नाही."

देवाला?

मी विचारलं, मिस ऑलिव्ह, चव कशाने आली याला, मासळीशिवाय? खरंच स्वयंपाक म्हणून विचारलं. ती खूश झाली. "मग! खेकड्याची कवचं आणि कोळंबीची डोकी आधी उकळून घेतली. गाळून त्यात त्याचे कंद शिजवले. तुकडा नाही, फक्त जीव."

तोवर चमचा अविच्या तोंडात गेला होता.

मी ओरडले, "अवि, थुंक!"

त्या टेबलावर मराठी आम्हा तिघांनाच कळत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून मागे उभ्या त्या म्हातारीकडे बघितलं, जी सकाळपासून नारळ किसत होती. आणि गिळला.

हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. गिळला. म्हातारीसमोर थुंकणं बरं दिसलं नसतं.

पुढचं तुकड्यातुकड्यात. तो म्हणतोय "काही होत नाही गं." ओठ. गळ्यावर लाल चट्टे. तो खोकला. खुर्ची पडली. पर्स उलटी केली, चाव्या, कंगवा, पेन. उशी आठवली. खुपसलं. तो "आई गं" म्हणाला आणि सईचा आवाज, "होल्ड इट, आई, डोंट पुल आऊट!" डेल्रॉय फोनवर ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगतोय आणि स्वतःच्याच घराचा नंबर आठवत नाहीये. मिस ऑलिव्ह जमिनीवर बसली, अविचं डोकं मांडीवर घ्यायला लागली. तिच्या हाताला रस्सा लागलेला. मी तिचा हात झटकला. जोरात.

ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या श्वासाला शिट्टी होती. मध्येच शिट्टी थांबली. बरं वाटून थांबली की...

बरं वाटून. पण ते कळेपर्यंत मी कुठे होते ते मला विचारू नका.

१३, दुपार

शुद्धीत, घसा बसलेला. मी विचारलं, "काय सांगितलं होतंस तिला?"

भिंतीकडे बघून, "म्हटलं, मी मांस-मच्छी जरा जपून खातो. धार्मिक कारणाने."

मला, मला शब्द सुचले नाहीत. संपादकांना कळवायला हवं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

घरी आणलं. नवी दोन पेनं दिलीत, दोन्ही बाळगायची म्हणे. डॉक्टरीण या खेपेला माझ्याशीच बोलली, त्याच्याशी नाही.

संध्याकाळी डेल्रॉय आणि मिस ऑलिव्ह आले. फळं घेऊन. ती सोफ्याच्या कडेवर बसली, ॲप्रन नसल्यामुळे लहान दिसत होती. मी आधी माफी मागितली, हात झटकल्याची. तिने ऐकून घेतलं, पण बघत होती अविकडे.

"आमच्या गावात माणूस पहिल्यांदा स्वयंपाकिणीला सांगतो, मग देवाला. तू मला तुझ्या मरणात सामील करून घेतलंस, पोरा. न विचारता."

अवि खाली बघत होता. "सॉरी, मिस ऑलिव्ह." मग, "मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

ती मोठ्याने हसली. हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग नुसतीच पुसत राहिली.

डेल्रॉय दारात मला म्हणाला, "म्हणजे एकही उपास खरा नव्हता?" त्याचा चेहरा. खरंच दुखावला होता. मी म्हटलं, "दहा तारखेचा होता. पण तो माझा."

जाताना मिस ऑलिव्हने अविचं मनगट धरलं. परत जाण्याआधी ती एकदा नुसत्या माशांचं रोनदोन करणार आहे. नवं पातेलं, नवा डाव. "येशील?" अवि लगेच "हो." हा माणूस नाही म्हणूच शकत नाही. हो हाच त्याचा आजार आहे, सुजतो तो नुसता घसा.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी आटपत आलीय, कशीबशी. चकलीतसुद्धा मला कोळंबी दिसत होती.

अवि कामावर जायला लागलाय. ऑफिसात बाकीच्यांना "ॲसिडिटी" सांगितली. मी डोक्याला हात लावला तर म्हणतो, "अगं, डेल्रॉयला माहितीये ना. आता सगळ्यांना कशाला?"

रोज दारात मी विचारते, पेनं? तो खिसा थोपटतो. रोज.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज दारात विचारायला मी नव्हते. केस धूत होते. बाहेर आले तेव्हा गेला होता. बुटांच्या कपाटावर दोन्ही पेनं, शेजारी शेजारी, किल्ल्यांच्या वाटीत.

फोन केला. उचलला नाही. ऑफिस वुडलँड्सला, पोचेपर्यंत मेट्रोत, एमआरटीत असेल. पुन्हा केला. मीटिंगमध्ये असेल. डेल्रॉयला केला, तो बंद. आठवलं, आज तो विमानतळावर, आईला पोचवायला. तिचं रोनदोन राहूनच गेलं. म्हणजे ऑफिसात ज्याला माहिती आहे तो एकमेव माणूस आज नाही.

आत्ता, जेवणाच्या वेळेला, अविचा फोटो आला. टीममधल्या कोणाचा तरी वाढदिवस, हॉकर सेंटर, सगळे हसतायत. त्याच्यापुढे वाडगा. पांढरट-नारिंगी रस्सा, नारळाचाच, वर तेलाचे डोळे. खाली लिहिलंय:

"सांगितलंय त्यांना. काळजी करू नकोस."

फोटो मोठा करून बघितला. आणखी मोठा केला की नुसते ठिपके होतात. चमचा हातात आहे, वाडग्यात की बाहेर, कळत नाही.

सांगितलंय. डेल्रॉयच्या घरीही हाच शब्द होता, हाच सूर. खरंही असेल. गेल्या पंधरवड्यात माणूस बदलूही शकतो, मी पाहिलंय त्याला भिंतीकडे तोंड करून रडताना, त्याला वाटलं मी झोपलेय.

पुन्हा फोन केला. रिंग वाजतेय, उचलत नाही. हॉकर सेंटरच्या गोंगाटात ऐकू येत नसेल. नसेलच.

दोन्ही पेनं पर्समध्ये टाकलीत. टॅक्सी बोलावलीय, आमच्या बुकित बातोकहून वुडलँड्स, येतेय म्हणते. केस सकाळपासून विंचरलेले नाहीत. ती खाली लागेपर्यंत हे लिहितेय, आणि डाव्या हाताने रिंग देतेय.

उचल ना.