गवताची गाडी आणि तिलेगेनचं वय

आदरणीय झैनेप आपा,

धाकट्या भावाचा, ओरिनबायचा, वाकून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत, सून वेळेवर चहा देते का, तुमच्या पाचव्या मजल्याची लिफ्ट दुरुस्त झाली का, की अजून तू वर चढल्यावर आठ-आठ दिवस खाली उतरत नाहीस, हे सविस्तर कळव. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. (आम्ही म्हणजे मी आणि गाय. मुलं आपापल्या शहरांत आहेत आणि फोनवर तरी सुखरूप वाटतात.) थंडी यंदा बरी पडली. अंगणातला नळ एकदाच फुटला. तू काळजी करशील असं या पत्रात काही नाही, असं समजूनच पुढे वाच.

तिलेगेनच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तोच तो, माझ्या वर्गातला, लहानपणी आपल्या घरी येऊन दुधावरची साय चोरायचा आणि पुढे सरकारी फार्मवर जनावरांच्या डॉक्टरचा मदतनीस झाला. दवाखान्यातल्या बाईंनी त्याला बजावलं की महिनाभर वाकायचं नाही, टीव्ही बघायचा नाही आणि वाचायचं नाही. आता या गृहस्थानं आयुष्यात जंताच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी सोडली तर काही वाचलेलं नव्हतं. पण मनाई झाल्याबरोबर त्याला वाचनाची अशी तलफ आली की घरात कुणाला चैन पडू देईना. शेवटी त्याच्या सुनेनं, मेरुएर्तनं, मला बोलावणं पाठवलं. गावातलं वाचनालय बंद झालं तेव्हा तिथल्या बाईंनी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात पुस्तकं कोंबली होती, त्यात माझ्या वाट्याला एक जाडजूड कादंबरी आलेली होती. आपल्याच जिल्ह्यातल्या कुणीतरी लिहिलेली. (मी तिच्यावर काकडीच्या लोणच्याची बरणी ठेवत असे, म्हणून मुखपृष्ठावरच्या घोडेस्वाराच्या डोक्यावर गोल डाग आहे.) ती काखोटीला मारून मी रोज दुपारी त्याच्याकडे जाऊ लागलो.

माझा आवाज तुला माहीत आहे. मी स्टेशनवर उभा जन्म गाड्या पुकारल्या, त्यामुळे मी काहीही वाचलं तरी ते फलाटावर येतं आहे असं लोकांना वाटतं. नायिकेचं लग्न भलत्याच ठिकाणी ठरतं आणि ती नदीकाठी बसून रडते, असा एक फार हृदयद्रावक प्रसंग आहे. तो मी जीव ओतून वाचत असताना तिलेगेन म्हणाला, "अरे भोंग्या, ती बाई रडतेय. ती तासभर उशिरानं धावत नाहीये." मेरुएर्तच्या हातातला चहा सांडला. मला तो भोंग्या म्हणतो, मी त्याला बोकडांचा डॉक्टर म्हणतो.

श्रोता म्हणून तो असह्य होता. नायकाच्या प्रेमाशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं, सगळं लक्ष घोड्यावर. नायक रात्रभर घोडा पळवतो आणि पहाटे त्याला विहिरीचं गार पाणी पाजतो, एवढं मी वाचलं मात्र, तिलेगेन म्हणाला, "मेला." कोण मेला, मी विचारलं. "घोडा. तापलेल्या घोड्याला गार पाणी? पोटशूळ उठणार. उलट पान, मेलाच असेल." घोडा काही मेला नाही. पण पुढचे कित्येक दिवस तिलेगेन त्याच्या मरणाची वाट बघत बसला आणि दर दुपारी आधी त्याची तब्येत विचारू लागला. मीही काही कमी नव्हतो. तो पेंगायला लागला की मी कादंबरीत मनाची वाक्यं घुसडत असे: "इतक्यात तिथे तिलेगेन नावाचा एक मूर्ख गुराखी आला. त्याला बैल कोणता आणि गाय कोणती हेही कळत नसे." लगेच डोळ्यांवरच्या पट्टीखालून शिवी यायची. तो गुराखी पुढे इतका वाढला की त्याचं एक लग्न मोडलं, दोनदा तो विहिरीत पडला आणि एकदा त्याला मेंढीनं चावलं.

आपा, ते दिवस फार चांगले गेले. तुझी भावजय काम्शात गेल्यापासून माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. गावात मी आता मानाचा ओरेके आहे, आजोबा आहे. मी आलो की मुलं उठून उभी राहतात, बायका आवाज खाली आणतात, दुकानदार रांगेतून मला पुढे बोलावतो आणि कुणी माझ्याशी काही बोलत नाही. गेल्या महिन्यात मी पोस्टासमोर बर्फावर सपशेल आडवा झालो, तर एक माणूस हसला नाही. सगळ्यांनी मिळून आदरानं उचललं आणि कपडे झटकून दिले. तिलेगेन तिथे असता तर आठवडाभर हसला असता, आणि मला ते पडणं इतकं लागलं नसतं. आम्ही कुर्दास. एकाच वर्षी जन्मलेल्यांनी एकमेकांच्या टोपीत शेण ठेवलं तरी चालतं, रागावेल त्यालाच गाव हसतं, हे तुला मी सांगायला नको. माझे बाकीचे कुर्दास एकेक करून मातीत गेले. हा एक उरला होता.

आणि मग कादंबरीत तो हिवाळा आला, ज्या हिवाळ्यात गवतावरचं बर्फाचं कवच फुटेना म्हणून जनावरं उभ्या उभ्या मेली आणि आपल्या स्टेशनवर गवताची गाडी आली. लेखकानं गाडी मध्यरात्री आणली आहे, मशाली वगैरे पेटवून. मी वाचत होतो (हे मला फार छान वाचता येतं, शेवटी गाडीच ती), तेवढ्यात तिलेगेन म्हणाला, "मध्यरात्री कुठली? भर दुपारी आली. मी बापाच्या खांद्यावर बसलो होतो. इंजिनाच्या ड्रायव्हरनं मला साखरेचा खडा दिला. काजळीनं काळा झालेला. मी धुऊन नाही खाल्ला, पाणी लावलं तर विरघळेल म्हणून."

मी त्याला खोटारडा म्हणालो आणि पुढे वाचू लागलो. पण मेरुएर्त शाळेत इतिहास शिकवते. तिचा हात किटलीवर तसाच राहिला. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला एवढं आठवतंय म्हणजे तुम्ही चार-पाच वर्षांचे तरी असणार. पण ओरेके आजोबा तर त्या गाडीच्या पुढच्या वसंतातले. त्यांची आईच सांगायची ना." आपली आई हे सांगायचीच, आणि तिचं सांगणं मी गावभर सांगितलेलं आहे. गवताची गाडी आली, पुढच्या वसंतात मेंढ्या व्यात होत्या तेव्हा ओरिनबाय. तिलेगेन एवढंच म्हणाला की आम्ही लांब कुरणावर राहायचो, बापानं शाळेत उशिरा घातलं आणि वय कमी सांगितलं असेल, तेव्हा सगळेच सांगायचे.

तिथून माझं नशीब फिरलं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की तिलेगेन माझा कुर्दास नाही, माझ्याहून चांगला पाच वर्षांनी मोठा आहे, आणि मी जन्मभर थोरल्या माणसाला बोकडांचा डॉक्टर म्हणत आलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर माझी गादी दाराकडे सरकवलेली आणि तो मानाच्या जागेवर, पाठीशी तीन उशा घेऊन, फोटो काढायला बसवल्यासारखा. मेरुएर्त बिचारी चांगल्या घरची आहे, तिनं रीतीप्रमाणे केलं. थोरल्याला म्हणतात तसं मी "आगा, तुम्ही कसे आहात" म्हणालो. तो "जगत राहा, धाकट्या" म्हणाला. मग आम्ही दोघं चहा फुंकत बसलो.

त्या शुक्रवारी त्याच्या डोळ्यांच्या निमित्तानं मेंढी कापली. पूर्वी मेंढीचं डोकं, मानाचा वाटा तो, कुणापुढे ठेवायचं यावरून आमचं भांडण ठरलेलं, आणि जो हरेल तो दुसऱ्याच्या ताटातली जीभ पळवायचा. यावेळी डोकं मुकाट्यानं त्याच्यापुढे गेलं. त्यानं चाचपत चाकूनं कान कापला, पट्टी बांधलेली मान इकडेतिकडे वळवली. त्या बैठकीत वयानं सर्वांत धाकटा मीच होतो (बाकीचे त्याचे दोन थोरले चुलतभाऊ, ऐकू कुणालाच येत नाही). लहान मुलांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून देतात तो कान, आपा, या पांढऱ्या दाढीनिशी मी दोन्ही हातांनी घेतला आणि आशीर्वादासह खाल्ला. त्यानं थट्टेनं दिला की रीतीनं, हे मला कळलं नाही. पूर्वी असतं तर मी तो त्याच्या कॉलरमध्ये टाकला असता आणि लगेच कळलं असतं. मी घरी आलो आणि मला रडू आलं. कानामुळे नव्हे.

वाचन चालू राहिलं, पण त्यात राम राहिला नाही. तो झोपला तरी थोरल्या माणसाला उठवायचं कसं, म्हणून मी भिंतीला वाचून दाखवत बसायचो. घोड्याची तब्येतही तो विचारीना. धाकट्याला सारखं टोचून बोलणं शोभत नाही, असं त्याला वाटत असावं. शेवटच्या दिवशी मात्र त्यानं बराच वेळ घसा खाकरला आणि म्हणाला, "तो गुराखी हल्ली पुस्तकात येत नाही." मी म्हणालो, "नाही आगा. तो गाव सोडून गेला." त्यानं मान हलवली आणि मेरुएर्तला चहा आणायला सांगितलं. नायिकेचं नायकाशी लग्न झालं. आम्हाला दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

असो. पत्र लांबलं. घरातल्या मोठ्यांना सलाम, लहानांना आशीर्वाद. सुनेला सांग, लिफ्ट बंद असली तरी खिडकी उघडत जा.

तुझा भाऊ,
ओरिनबाय

ता.क. एक बारीकसं काम आहे. आपल्या घराण्यात आता तूच सर्वांत थोरली. गवताची गाडी आली तेव्हा तू आठ-नऊ वर्षांची होतीस आणि बघायला गेली होतीस, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. तर मोठ्या अक्षरात एक पत्र पाठव, की गाडी बघायला मी धाकट्या ओरिनबायला पाठीवर घेऊन गेले होते आणि तो चांगला चार-पाच वर्षांचा होता, फार जड होता. आईनं वय कमी सांगितलं ते दृष्ट लागू नये म्हणून. ड्रायव्हरनं ओरिनबायलाही साखर दिली असं लिहिलंस तर उत्तम. मी पत्र तिलेगेनच्या घरी, सगळ्यांदेखत, स्टेशनच्या आवाजात वाचेन. पाच वर्षांनी म्हातारा व्हायला माझी काही हरकत नाही.

ता.क. दुसरं. हे लिहून पाकीट चिकटवणार तोच तिलेगेन फाटकाशी आला. पट्टी निघाली आहे, आता स्वतः वाचायची परवानगी आहे. पण कादंबरीची अक्षरं फार बारीक आहेत, मुळीच दिसत नाहीत, दुसरी एखादी असेल तर वाचून दाखवशील का, असं म्हणाला. (फाटकातूनच त्यानं माझ्या गाईच्या कासेवरचा फोड ओळखला होता.) मी "जशी आज्ञा, आगा" म्हणालो. तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला, टोपी नीट केली आणि गेला. तेव्हा पत्र लवकर पाठव.

ता.क. तिसरं. या वयात खोटं लिहिणं तुझ्या जिवावर येत असेल तर राहू दे. तुला पापात घालून मला काय मिळणार. मग असं कर, एकदा फोन कर. खुशाली विचारू नकोस, ओरेके म्हणू नकोस. माझा आवाज आला की सरळ "अरे गाढवा" इथून सुरुवात कर, आणि लवकर थांबू नकोस.